झेक की स्लोव्हाक: आइस हॉकीत बलवान कोण, आणि ते मोजायचे कसे?

फेब्रुवारी 2002 मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लोव्हाकियाचा आइस हॉकी संघ जर्मनीकडून 0-3 असा हरला, लाटव्हियाशी त्याने 6-6 अशी बरोबरी पत्करली आणि स्पर्धेअखेर तो तेराव्या क्रमांकावर राहिला. पुढे तीन महिन्यांनी, मे महिन्यात, स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे याच स्लोव्हाकियाने रशियाला अंतिम सामन्यात 4-3 असे नमवले आणि जगज्जेतेपद पटकावले. एकाच देशाचा संघ एकाच मोसमात तेरावाही आणि पहिलाही कसा ठरतो, हे कोडे सुटले की झेक आणि स्लोव्हाक हॉकीच्या तुलनेचा निम्मा गुंता सुटतो.

ही तुलना मध्य युरोपात गेली तीन दशके चालू आहे आणि दर मे महिन्यात, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी, तिला नव्याने ऊत येतो. पुण्याजवळच्या चाकणला ज्या श्कोडा गाड्या तयार होतात, ती झेक कंपनी या स्पर्धेची अनेक वर्षांपासून मुख्य प्रायोजक आहे. आणि टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना स्लोव्हाकियातील ज्या नित्रा शहरात आहे, तेथील हॉकी क्लबचा उल्लेख या लेखात पुढे येणारच आहे. तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तितका परका नाही.

आधी खेळाविषयी थोडेसे

बर्फावर एका संघाचे एका वेळी सहा खेळाडू असतात: एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीचे खेळाडू. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो. बर्फावर पूर्ण वेगाने घसरत खेळणे इतके दमछाक करणारे असते की एक खेळाडू सलग जेमतेम मिनिटभर टिकतो; मग तो बाकावर येतो आणि त्याच्या जागी ताज्या दमाचा खेळाडू उडी घेतो. हे बदल सामना चालू असतानाच होत राहतात. म्हणून आघाडीचे खेळाडू तीन-तीनच्या चार फळ्यांत विभागलेले असतात. पहिल्या फळीत संघाचे नामांकित तारे असतात, पण ते फार तर सामन्याच्या तिसऱ्या हिश्शापुरते बर्फावर असतात. उरलेला वेळ दुसरी, तिसरी आणि चौथी फळी खेळते. पुढच्या सगळ्या विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

दुसरी गोष्ट अशी की जगातील उत्तमोत्तम खेळाडू उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, खेळतात. तिचे बाद फेरीचे सामने एप्रिलपासून जूनपर्यंत चालतात आणि जागतिक स्पर्धा नेमकी मे महिन्यात असते. ज्यांचे एनएचएल संघ लवकर बाहेर पडले, तेच खेळाडू देशासाठी उपलब्ध होतात. त्यामुळे मे महिन्यातील कोणताही राष्ट्रीय संघ क्वचितच त्या देशाचा सर्वोत्तम संघ असतो.

वाटणी कशी झाली

1 जानेवारी 1993 रोजी झेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. गंमत अशी की तेव्हा स्वीडनमध्ये वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा सुरू होती. संघ झेकोस्लोव्हाकियाचा म्हणून स्पर्धेत उतरला, मध्येच तो देश नकाशावरून पुसला गेला, आणि मुलांनी स्पर्धा दोन्ही प्रजासत्ताकांचा संयुक्त संघ म्हणून संपवली. वर कांस्यपदकही मिळवले.

त्यानंतर प्रश्न आला की जागतिक स्पर्धेच्या सर्वोच्च गटातील जुन्या देशाची जागा कोणाची. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने ती झेक प्रजासत्ताकाला दिली आणि स्लोव्हाकियाला तिसऱ्या, म्हणजे 'क' गटातून सुरुवात करायला सांगितले. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत बाजारपेठेतले दुकान, त्याची पाटी आणि जुने गिऱ्हाईक थोरल्याकडे राहावे, आणि त्याच दुकानात वर्षानुवर्षे राबलेल्या धाकट्याने गावाबाहेर नवी टपरी टाकावी, तसा हा प्रकार झाला.

निर्णय किती विचित्र होता ते 1994 च्या दोन स्पर्धा शेजारी ठेवल्या की दिसते. फेब्रुवारीत लिलेहामर ऑलिंपिकमध्ये, पात्रता स्पर्धेतून आलेल्या स्लोव्हाकियाने पुढे सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्वीडनशी 4-4 अशी बरोबरी केली, पुढे रौप्यपदक जिंकणाऱ्या कॅनडाला 3-1 असे हरवले आणि आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. अखेर संघ सहावा आला. त्यानंतर काही आठवड्यांतच हाच देश 'क' गटात हंगेरी आणि बल्गेरियाबरोबर खेळत होता. तेथून वर चढून, 1995 मध्ये 'ब' गट जिंकून, 1996 मध्ये स्लोव्हाकिया सर्वोच्च गटात पोहोचला. त्याच 1996 च्या व्हिएन्नातील स्पर्धेत झेक संघ जगज्जेता झाला.

"पण तीन वर्षांच्या उशिराने एवढा काय फरक पडतो?"

हा आक्षेप रास्त वाटतो. फरक मात्र तीन वर्षांपुरता थांबला नाही. 1998 च्या नागानो ऑलिंपिकपासून एनएचएलने आपले खेळाडू ऑलिंपिकसाठी सोडायला सुरुवात केली. त्या वेळच्या रचनेनुसार सहा मोठ्या संघांना मुख्य फेरीत थेट प्रवेश होता. बाकीच्यांनी आधी प्राथमिक फेरी खेळायची, आणि ती संपेपर्यंत एनएचएलचा मोसम थांबलेला नसायचा. झेक संघ त्या सहांत होता, स्लोव्हाकिया नव्हता. म्हणजे ज्या देशाची सारी ताकद एनएचएलमध्ये खेळणाऱ्या मूठभर खेळाडूंत एकवटली होती, त्यालाच ती ताकद बाजूला ठेवून पहिले सामने खेळावे लागले. नागानोत स्लोव्हाकिया प्राथमिक फेरीतच कझाकस्तानकडून हरून बाहेर पडला, आणि सॉल्ट लेक सिटीत पुन्हा तेच झाले. तेराव्या क्रमांकाचे कोडे येथे सुटते: तो क्रमांक स्पर्धेच्या वेळापत्रकाने दिलेला होता. गोथेनबर्गमध्ये मिरोस्लाव्ह शातान, झिग्मुंड पाल्फी, पेटर बोंद्रा, योझेफ श्ट्युम्पेल असे खेळाडू एकत्र हाताशी आले आणि शेवटची दोन मिनिटेही उरली नसताना बोंद्राने विजयी गोल केला.

तरीही सगळे खापर वेळापत्रकावर फोडता येत नाही. मूठभर खेळाडू नसले की संघ जर्मनी आणि लाटव्हियासमोर अडखळतो, याचा अर्थ त्या मूठभरांच्या मागे उभी असलेली रांग कमकुवत आहे, असाही होतो. या तुलनेतला कळीचा मुद्दा मला हाच वाटतो.

पदके मोजली तर

2024 पर्यंतचा हिशेब सरळ आहे. स्वतंत्र झाल्यापासून झेक संघाने 1996, 1999, 2000, 2001, 2005, 2010 आणि 2024 अशी सात जगज्जेतेपदे मिळवली. जागतिक स्पर्धेतील एक रौप्य आणि सहा कांस्यपदके वेगळी. ऑलिंपिकमध्ये 1998 चे सुवर्ण आणि 2006 चे कांस्य. स्लोव्हाकियाच्या खात्यावर 2002 चे जगज्जेतेपद, 2000 आणि 2012 चे रौप्य, 2003 चे कांस्य, आणि 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमधील कांस्य, अशी पाच पदके आहेत. सोळाला पाच.

येथे स्लोव्हाक चाहता लोकसंख्येचा मुद्दा काढतो, आणि तो काढायलाच हवा. झेक प्रजासत्ताकाची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे मुंबई शहर-उपनगरांहूनही कमी. स्लोव्हाकियाची साधारण 54 लाख, म्हणजे तिच्या निम्मी. अवघ्या अर्ध्या कोटीच्या देशाने रशियाला हरवून जगज्जेते व्हावे, ही कामगिरी कोणत्याही मापाने थक्क करणारी आहे. परंतु दरडोई भागाकाराने झेक आघाडी पुसली जात नाही: लोकसंख्या दुप्पट असताना पदके तिपटीहून जास्त आहेत आणि सुवर्णपदके एकास आठ.

नागानो: एका गोलरक्षकाचे वजन

झेक हॉकीचा मानबिंदू 1998 चा नागानो. जगातले सर्वोत्तम खेळाडू प्रथमच एकत्र आलेल्या त्या ऑलिंपिकमध्ये झेक संघातले सुमारे निम्मेच खेळाडू एनएचएलचे होते. बाकीचे युरोपातील लीगमध्ये खेळणारे होते. अमेरिका आणि कॅनडाचे संघ मात्र एनएचएलच्या ताऱ्यांनी भरलेले होते.

उपांत्यपूर्व फेरीत झेकांनी अमेरिकेला 4-1 असे हरवले. उपांत्य फेरीत कॅनडाने शेवटच्या जवळपास मिनिटभरात बरोबरी साधली आणि सामना शूटआउटमध्ये गेला. म्हणजे दोन्हीकडच्या पाच-पाच खेळाडूंनी आळीपाळीने एकट्याने पक घेऊन गोलरक्षकावर चाल करायची. रॉबर्ट रायखेलने झेकांच्या पहिल्याच प्रयत्नात पक खांबाला लावून आत घातला. कॅनडाच्या खेळाडूंसमोर झेक गोलरक्षक, पार्दुबित्से गावचा डॉमिनिक हाशेक होता. त्याची शैली पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही गोलरक्षकासारखी नव्हती; तो बर्फावर लोळण घेई, पाठीवर पडे, प्रसंगी हातातली काठी टाकून मोकळ्या हाताने पक दाबून धरी. कॅनडाचे पाचही प्रयत्न त्याने अडवले. कॅनडाच्या प्रशिक्षकाने वेन ग्रेट्झकीला, हॉकीच्या इतिहासातील सर्वाधिक गुण नावावर असलेल्या खेळाडूला, त्या पाचांत घेतले नव्हते. तो बाकावर बसून हे पाहत होता. अंतिम सामन्यात पेट्र स्वोबोदाच्या एकमेव गोलवर रशियाचा 1-0 असा पराभव झाला.

या कथेतून झेक बाजूची खरी ताकद दिसते. हाशेक आणि क्लादनोचा यारोमिर यागर हे दोन अलौकिक खेळाडू होते हे खरे, पण त्यांच्या भोवती देशांतर्गत आणि युरोपीय लीगमधून आलेले जे दहा-अकरा खेळाडू होते, ते अमेरिका-कॅनडासमोर डगमगले नाहीत. तिसरी-चौथी फळी भक्कम असणे म्हणजे काय, ते हेच. उलट बाजूने, हाशेकशिवाय ते सुवर्ण मिळाले असते असे कोणी छातीठोकपणे म्हणेल, तर मी त्याच्याशी वाद घालीन. हॉकीत गोल कमी होतात, त्यामुळे एक गोलरक्षक आठवडाभर भरात असला तर दुबळा संघही बलाढ्य वाटू लागतो.

"आमनेसामने आले की काय होते, तेच सांगा"

सामान्य वाचकाला हीच कसोटी सर्वांत प्रामाणिक वाटते. महत्त्वाच्या लढती आठवायच्या तर 1994 च्या लिलेहामरमध्ये पाचव्या क्रमांकासाठी झेकांनी 7-1 असा मोठा विजय मिळवला. 2000 मध्ये सेंट पीटर्सबर्गला जागतिक स्पर्धेचा अंतिम सामनाच या दोघांत झाला; एकाच ड्रेसिंग रूममध्ये वाढलेल्या पिढीचा तो सामना झेकांनी 5-3 असा जिंकला. 2003 मध्ये कांस्यपदकाच्या लढतीत स्लोव्हाकियाने 4-2 अशी परतफेड केली. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत झेक 3-1 असे जिंकले, 2012 च्या जागतिक उपांत्य फेरीत नेमक्या त्याच 3-1 फरकाने स्लोव्हाक जिंकले, आणि 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये झेक 5-3.

पारडे झेकांकडे झुकते, पण लिलेहामर वगळता कोणताही निकाल एकतर्फी नाही. एकेका सामन्यातील अंतर लहान आहे. ते वाढत जाते ते वर्षामागून वर्ष स्पर्धा खेळताना, दुखापती आणि गैरहजेऱ्या सोसताना. म्हणूनच दोघांच्या थेट लढतीत जो फरक जेमतेम जाणवतो, तो पदकांच्या यादीत ठळक होतो.

एकत्र असताना कोणाचा वाटा किती

झेकोस्लोव्हाकियाने 1947 ते 1985 या काळात सहा जगज्जेतेपदे मिळवली. ती सारी झेकांच्या खात्यावर टाकण्याची सवय बाहेरच्या लेखकांना आहे, आणि ती चुकीची आहे. सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतरच्या वसंतात, 1969 साली, स्टॉकहोममध्ये सोव्हिएत संघाला दोनदा हरवणाऱ्या संघाचा कर्णधार योझेफ गोलोन्का स्लोव्हाक होता, गोलरक्षक व्लादिमीर झुरिला ब्रातिस्लाव्हाचा होता. दुसरीकडे, ब्रातिस्लाव्हाच्या स्लोव्हान क्लबचा त्या काळातला सर्वांत मोठा गोलकर्ता व्हाक्लाव्ह नेदोमान्स्की हा मोरावियाचा, म्हणजे झेक भूमीतला.

तथापि देशांतर्गत लीगचे चित्र वेगळे होते. स्लोव्हाक क्लबांना राष्ट्रीय विजेतेपद फक्त चार वेळा मिळाले: 1979 मध्ये स्लोव्हान, 1986 आणि 1988 मध्ये कोशित्से, 1992 मध्ये ट्रेंचिनचा दुक्ला. चारही वेळा शेवटच्या चौदा वर्षांतल्या. म्हणजे स्लोव्हाक हॉकी उशिरा, पण वेगाने वर येत होती, आणि नेमक्या त्या चढणीवर देश विभागला. 1980 मध्ये स्लोव्हानमधून कॅनडात पळून गेलेला पेटर श्त्यास्टनी 1994 मध्ये लिलेहामरला नव्या स्लोव्हाकियाचा ध्वज हाती घेऊन उतरला.

ट्रेंचिनचे आश्चर्य आणि नंतरचा दुष्काळ

ट्रेंचिन हे व्हाह नदीकाठचे, किल्ल्याखाली वसलेले, लाखभरही वस्ती नसलेले शहर. मारियान गाबोरिक आणि झ्देनो खारा तिथलेच, मारियान होसा तिथेच लहानाचा मोठा झाला, आणि पावोल देमित्रा शेजारच्या दुब्नित्सातून येऊन दुक्लाकडून खेळला. होसा आणि खारा आज हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत; एनएचएलमध्ये सर्वाधिक सामने खेळलेला बचावपटू खाराच. एवढी गुणवत्ता एका लहान गावातून निघाल्याचे उदाहरण झेक बाजूलाही सहज सापडणार नाही. 2012 चे रौप्य हे या पिढीचे शेवटचे मोठे देणे. अंतिम सामन्यात रशियाकडून 2-6 अशा झालेल्या पराभवातले दोन्ही गोल कर्णधार खाराचे होते.

पिढी ओसरल्यावर मागे काय उरले, ते एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये दिसले. ड्राफ्ट म्हणजे जगभरच्या अठरा वर्षांच्या आसपासच्या खेळाडूंमधून एनएचएल संघांनी दरवर्षी आळीपाळीने केलेली निवड. 2014 ते 2021 या आठ वर्षांत पहिल्या फेरीत एकही स्लोव्हाक खेळाडू निवडला गेला नाही. झेकांचा काळही बरा नव्हता, वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत 2005 नंतर 2023 पर्यंत त्यांना पदक नव्हते, तरी त्याच आठ वर्षांत डेव्हिड पास्टर्न्याक, पावेल झाखा, मार्टिन नेचास यांची निवड पहिल्या फेरीत झालीच. 2016 च्या विश्वचषकात, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाहून वेगळ्या, एनएचएलच्या पुढाकाराने झालेल्या स्पर्धेत, संयोजकांनी झेकांना स्वतःचा संघ दिला, तर खारा, होसा, गाबोरिक आणि गोलरक्षक यारोस्लाव्ह हालाक यांना अनेक देशांच्या मिळून बनवलेल्या युरोप संघातून खेळावे लागले. तो संघ अंतिम फेरीत गेला आणि झेक गेले नाहीत, हा त्यातला विनोद.

कारण समजायला अवघड नाही. झेककडे छत असलेली रिंक, म्हणजे बर्फाची मैदाने, आणि नोंदणीकृत खेळाडू स्लोव्हाकियाच्या दुपटीहून जास्त आहेत, आणि त्यांची लीग अधिक श्रीमंत आहे; चांगला स्लोव्हाक मुलगा पुष्कळदा किशोरवयातच सीमा ओलांडतो. खारा स्वतः कुमारवयात प्रागच्या स्पार्टाकडे गेला होता. बर्फ कृत्रिम असतो, तो गोठवायला वीज लागते, मुलाचे साहित्य दर दोन वर्षांनी लहान पडते. हा खेळ डोंगराळ देशात आपोआप उगवत नाही.

"जागतिक क्रमवारी पाहिली की झाले ना?"

क्रमवारी महासंघाच्या जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिक यांतील शेवटच्या चार वर्षांच्या स्थानांवरून काढतात. ताज्या वर्षाला पूर्ण वजन आणि मागच्या प्रत्येक वर्षाला पंचवीस टक्के कमी. ती सातत्य मोजते. मे महिन्यात कोण हजर होते आणि कोण नव्हते, हे तिला ठाऊक नसते. 2022 च्या बीजिंगमध्ये एनएचएलचे खेळाडू आलेच नव्हते. तिथे स्लोव्हाकियाने अमेरिकेला शूटआउटमध्ये हरवले, कांस्यपदकासाठी स्वीडनवर 4-0 अशी मात केली, आणि सतरा वर्षांचा युराय स्लाफकोव्स्की सात गोल करून स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्रमवारीत या कांस्यपदकाचे वजन एनएचएलचे तारे असलेल्या ऑलिंपिकइतकेच.

आज कोण पुढे

माझे मत विचाराल तर संघ म्हणून झेक पुढे आहेत, आणि कारण त्यांची खोली. 2024 मध्ये प्राग आणि ओस्त्रावा येथे, सुमारे आठ लाख प्रेक्षकांच्या विक्रमी उपस्थितीत झालेल्या स्पर्धेत त्यांनी अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला 2-0 असे हरवले. बोस्टनहून स्पर्धा सुरू असताना येऊन दाखल झालेल्या पास्टर्न्याकने पहिला गोल केला, पण त्याच्या येण्यापूर्वी संघाला तिथवर आणणारे इतर होते. वीस वर्षांखालील मुलांनी 2023 ते 2025 सलग तीन पदके आणली, म्हणजे मागची रांगही पुन्हा भरली आहे.

शिखरावर मात्र चित्र उलटले आहे. 2022 च्या ड्राफ्टमध्ये जगातली पहिली निवड कोशित्सेचा स्लाफकोव्स्की होता आणि दुसरी नित्रा क्लबचा बचावपटू शिमोन नेमेत्स; पहिल्या दोन्ही जागा स्लोव्हाकांना मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. 2022 आणि 2023 मिळून पहिल्या फेरीत स्लोव्हाकियाचे पाच आणि झेकचे तीन खेळाडू निवडले गेले. या पाचांच्या मागे तिसऱ्या-चौथ्या फळीचे खेळाडू नित्रा, पोप्राद आणि ट्रेंचिनमध्ये घडतात की नाही, यावर पुढच्या दहा वर्षांतली तुलना ठरेल.